ओटीतलं वजन

हेलिकॉप्टर खाली बसत होतं. उतरत नव्हतं, बसत होतं. माणूस पायऱ्या उतरतो. पाण्यानं भिजलेली मातीची भिंत बसते. तसं.

पुढे कसलासा भोंगा एकसारखा वाजत होता. मी उजव्या खिडकीशी होते. मधे माझी धाकटी जाऊ शांता, पलीकडे तिची विहीण मंदाताई. पुढे पायलटशेजारी शांताचा मुलगा नितीन. शांतानं माझं मनगट धरलं होतं आणि तिच्या बांगड्या माझ्या हाडात रुतत होत्या. खिडकीतून नदी दिसत होती आणि ती वर येत होती. मी मागून पायलटचा हात बघत होते. मनगटावर पांढरे केस असलेला हात. त्या हातानं एक दांडा खेचला आणि मग तो थांबला. किती थांबला? एक श्वास. मग त्यानं हेलिकॉप्टर उजवीकडे वळवलं, नदीकाठच्या गोट्यांच्या सपाटीकडे, आणि मागे न बघता म्हणाला, "आजी, डोकं खाली."

मी डोकं खाली घातलं. माझ्या ओटीत पाण्याच्या सहा बाटल्या होत्या. त्यांच्यावर माझं कपाळ आपटलं.

आता वारज्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "पायलट म्हातारा होता म्हणे?" भाजीवाली विचारते, बँकेतला शिपाई विचारतो. प्रत्येकाला उभ्यानं सांगत बसायला माझे पाय राहिले नाहीत. म्हणून एकदाच लिहिते. मी चौथी शिकले. शुद्धलेखन नातीनं सुधारलंय, बाकी माझं आहे.

हरिद्वार

शांता आणि मी एकाच घरात सुना म्हणून आलो, पाच वर्षांच्या अंतरानं. तेव्हा वारज्यात भुईमूग होता. आता इमारती आहेत आणि शेंगा पाकिटात मिळतात. शांताला केदारनाथला जायचं होतं, लग्नानंतर लगेचच जायचं होतं, ते राहून गेलं. माझे दीर यायला तयार नव्हते. ते म्हणाले, मला जमिनीवरच मरायचंय. मंदाताई वर्ध्याच्या, मुलीच्या बाळंतपणाला पुण्यात आल्या त्या राहिल्याच. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. चालणं शक्य नाही, घोड्यावर बसणं शक्य नाही, म्हणून हेलिकॉप्टर ठरलं. मी का गेले? कोणीतरी नितीनवर लक्ष ठेवायला हवं होतं.

नितीन संगणकाच्या कंपनीत आहे. तो कुठलीही गोष्ट करायच्या आधी फोनवर वाचतो आणि वाचलं की घाबरतो. गाडीत त्यानं हेलिकॉप्टरं कशी पडतात ते वाचलं. मग आम्हाला समजावलं, "मोठीआई, सगळा रिफ्लेक्सचा गेम असतो. एज वाढलं की रिअ‍ॅक्शन टाइम स्लो होतो. मी काउंटरवर सांगणार, यंग पायलट द्या."

मी त्याला विचारलं, तू बेचाळीसचा, तुझ्या कंपनीत तू यंग का म्हातारा? त्यानं फोन खिशात घातला.

हरिद्वारला चहा मागितला तर गरम दूध आलं, चहाची नुसती आठवण घातलेलं. सकाळी पुरी, दुपारी पुरी. तिथं सगळ्या बायकांना माताजी म्हणतात. रिक्षावाला माताजी म्हणतो आणि मग लुबाडतो. आमच्याकडे पुण्यात लुबाडताना कोणी नातं जोडत नाही, एवढा तरी सरळपणा आहे. शांतानं घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. त्यावर आम्ही डोंगर चढेपर्यंत निभावलं. मंदाताईंनी वऱ्हाडी ठेचा काढला तेव्हा शेजारच्या खोलीतला गुजराती माणूस शिंकत बाहेर आला.

फाटा

जिथून हेलिकॉप्टरं उडतात त्या गावाचं नाव फाटा. शांता म्हणाली, "फाटा म्हंजी? कुठला फाटा?" आम्ही दोन दिवस त्यावर हसलो. दोन दिवस, कारण ढग होते आणि उड्डाणं बंद होती.

तिथं माणसं तोलतात. आमच्याकडे गूळ तोलतात, रद्दी तोलतात. इथं रांगेनं माणसं काट्यावर उभी राहतात आणि बाबू वजन कागदावर लिहितो. मी साठ किलो, शांता चौऱ्याहत्तर. ऐंशीच्या पुढे गेलं की जागा बदलतात, कधी दुसऱ्या फेरीत घालतात. मंदाताई घाबरल्या. त्यांनी स्वेटर काढला, चपला काढल्या, कानातलं काढलं, आणि मग बाबूला विचारलं, "कवळी काहाडू का जी?" बाबूला कळलं नाही. ते बरं झालं. त्या एक्याऐंशी भरल्या.

सामान माणशी दोन किलो. नितीननं तीनदा बजावलं. हवा विरळ असते, इंजिनाला जोर पुरत नाही, म्हणून किलो न् किलो मोजतात. हे त्यानं आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं, हे मला लिहिलं पाहिजे. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरोखरच काउंटरवर जाऊन पायलटचं वय विचारलं. काउंटरवरचा माणूस थकलेला होता. तो म्हणाला, तुमचं वय सांगा, मग सांगतो. नितीनला राग आला. मला तो माणूस एकदम आपल्या पेठेतला वाटला.

त्या दुपारी ढगात बसून मला आमच्या ह्यांची आठवण झाली. हे शहराची बस चालवायचे, स्वारगेट डेपोत होते. दरवर्षी डोळ्यांची तपासणी असायची. डॉक्टर भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचा आणि लांबून वाचायला सांगायचा. सत्तावन्नाव्या वर्षी ह्यांना खालच्या दोन ओळी दिसेनात. डेपोतला एक मित्र ती अक्षरं उतरवून घेऊन आला. मी ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठी करून लिहिली आणि ह्यांच्याकडून घोकून घेतली. प, र, ट, म, ग. मी चौथी शिकलेली, मास्तरीण व्हायची हौस होतीच. हे पास झाले. डॉक्टरनं विचारलं होतं म्हणे, "पाठ तर नाही ना केलं?" हे हसले. डॉक्टरही हसला.

चार महिन्यांनी वळणावर ह्यांच्या बसनं एका सायकलवाल्याला पाडलं. त्याचा एक पाय कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी डेपोत जाऊन सांगून टाकलं की मला दिसत नाही, आणि टेबलाचं काम घेतलं. मी म्हणाले, नोकरीचं एकच वर्ष राहिलं होतं. ते म्हणाले, "त्या पोराचे दोन राहिले असते." त्यानंतर ते कॅलेंडर मी चुलीत घातलं. वयाबद्दल मला जेवढं माहीत आहे ते एवढंच. वय आपोआप लपत नाही. लपवावं लागतं, आणि लपवायला घरचंच कोणीतरी लागतं.

वर

तिसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले. आमचा जायचा पायलट तिशीतला होता, काळा चष्मा, तोंडात काहीतरी चघळत होता. नितीनचा चेहरा खुलला. पोरानं आम्हाला दोन ढगांच्या मधल्या फटीतून असं काढलं की मंदाताईंनी वर्ध्याच्या सगळ्या देवांची नावं घेतली. सात-आठ मिनिटांत वर. त्यानं आमच्याकडे मान वळवून एकदाही बघितलं नाही, आणि काही बिघडलंही नाही. हेही लिहिलं पाहिजे.

खाली पायवाट दिसत होती आणि तिच्यावर माणसं. चालणारी, घोड्यावरची, दुसऱ्याच्या पाठीवरच्या टोपलीत बसलेली. एका म्हातारीला एक नेपाळी माणूस पाठीवर घेऊन चालला होता. त्या माणसाचं वय कोणी विचारलं नसेल.

देवळाचं वर्णन मी करत नाही. ज्याला बघायचं त्यानं जावं. थंडी म्हणाल तर हाडं वाजतात. रांग म्हणाल तर आपल्याकडच्या रेशनच्या रांगेपेक्षा बरी, कारण इथं कोणी ओळखीचा घुसत नाही. जेवायला गरम खिचडी मिळाली, पानावर. पुणेरी माणसाला फुकट जेवणात खोट काढल्याशिवाय पचत नाही. शांता म्हणाली, मीठ कमी हाय.

वाटेवर देवीचं एक छोटं देऊळ आहे. शांताला तिथं ओटी भरायची होती. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि नारळ हे सगळं तिनं वारज्याहून आणलं होतं, दोन किलोतलं दीड किलो त्यातच गेलं होतं. मी विधवा, मी ओटी भरत नाही, मी ताट धरलं. तिनं पदर सावरून ओंजळीनं ओटी भरली. तिथल्या पुजाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं मनापासून हसत नारळ उचलला आणि दगडावर फोडला.

शांताचं तोंड उतरलं. ओटीचा नारळ फोडत नाहीत. तो देवीच्या कुशीत ठेवतात. पुजाऱ्यानं तिला खोबऱ्याचा तुकडा दिला, तो तिनं खाल्ला नाही. रात्रभर ती कुशीवर वळत राहिली. पहाटे मला म्हणाली, "आक्का, ओटी मोडली. आता रिकामी नाही जायची मी. हितलं काहीतरी ओटीत घालूनच न्यायचं."

मी म्हणाले, शांते, तो माणूस अडाणी होता, देवी अडाणी नाही. पण तिनं ठरवलं होतं. नदीचं पाणी न्यायचं, भावकीतल्या प्रत्येक घराला एकेक बाटली, आणि नदीतले तीन गोल दगड, देव्हाऱ्यात ठेवायला. ती नदी मी बघितली. पांढरी, थंड, ओरडत जाणारी. आमच्या मुठेचं पाणी कोणी बाटलीत भरणार नाही, नाकाला पदर लावून पूल ओलांडतात. मलाही वाटलं, घ्यावं थोडं.

अर्ध्या लिटरच्या बाटल्या दुकानात मिळत होत्या. सोळा घेतल्या. सामान परत तोलणार हे माहीत होतं, आणि माणसं परत तोलत नाहीत हेही आम्ही बघून ठेवलं होतं. येतानाचंच वजन धरतात. मग काय, मी नऊवारीतली बाई. आम्ही शेतात शेंगा वेचायचो त्या ओटीत वेचायचो, पाच-सहा किलोचं ओझं पोटाशी बांधून दिवसभर वाकायचो. सहा बाटल्या मी ओटीत घातल्या, वरून शाल. देवीची ओटी भरायचा मला हक्क नाही, पण माझी मला भरायला कोणी अडवलं नाही. मंदाताईंनी चार बाटल्या स्वेटरच्या आत ठेवल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मी तं आता पोटुशीच दिसून राहिली." आम्ही तोंडावर पदर घेऊन हसलो. नितीन बाहेर फोनला रेंज शोधत होता.

शांता पाचवारी नेसली होती. पाचवारीत ओटी धरत नाही. तिच्या सहा बाटल्या आणि ते तीन दगड मी दिरांच्या जुन्या उपरण्यात गुंडाळले आणि तिच्या कमरेला बांधून दिले, पोटावरून, साडीच्या आत. मी घट्ट बांधलं. तिनं विचारलं, "सुटायचं नाही ना गं?" मी सांगितलं की माझी गाठ आजवर सुटलेली नाही.

खाली

परतीचा पायलट वेगळा होता. मिशा पांढऱ्या, पोट थोडं सुटलेलं, चालताना एक खांदा खाली. आधी सैन्यात होता म्हणे. नितीननं त्याला बघितलं आणि मला ऐकू येईल असं म्हणाला, "यांना पेन्शनमधून उचलून आणलं का?" मग त्यानं कोणाकडून तरी वय काढलंच. अठ्ठावन्न. आमच्या ह्यांना डेपोनं निरोपाचा नारळ दिला ते वय.

तो उडवायलाच तयार होईना. वाऱ्याकडे बघत उभा राहिला. आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कंपनीची दोन हेलिकॉप्टरं गेली. लोक कुरकुरले. एकानं सांगितलं की म्हाताऱ्याला भीती वाटते. तो ऐकत होता आणि त्यानं खिशातून शेंगदाणे काढून खाल्ले. मला तेव्हा तो आवडला. दीड-दोन तासांनी त्यानं हात केला, चला.

आम्ही चौघंच होतो, मंदाताई आणि नितीन जड म्हणून पाचवा माणूस घेतला नव्हता. चढायच्या आधी त्यानं आम्हा तिघी बायकांकडे नीट बघितलं. मग माझ्यासमोर येऊन थांबला. तरुणपणी तो खडकवासल्याला शिकायला होता, तेवढी मराठी त्याच्या जिभेवर राहिली होती.

"आजी, कपड्यात काही आहे का? खरं सांगा."

"काही नाही," मी म्हणाले.

"पक्कं?"

"या वयात कपड्यात काय असणार?"

तो हसला. आमच्या ह्यांचा डॉक्टर हसला होता तसा. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही असं कोणी म्हणू नये. दोनदा विचारलं. मी दोनदा खोटं बोलले. शांता माझ्यामागे उभी होती आणि तिनं माझ्या शालीचं टोक धरलं होतं.

आम्ही बसलो. हेलिपॅडवरच्या माणसानं पट्टे लावून दिले. माझा पट्टा ओटीखालून, मांडीवरून बसला. शांताचा त्या गाठोड्यावरून बसला. मला ते दिसलं. मला वाटलं, घट्ट आहे.

हेलिकॉप्टर उचललं गेलं, एका बसच्या उंचीइतकं. कड्यापर्यंत गेलं, तिथं जमीन संपते आणि दरी सुरू होते. तिथं अंगावरचा वारा एकदम थांबला. घरातला पंखा लाइट गेल्यावर थांबतो तसा. मग भोंगा वाजला, आणि पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलंय.

शेपूट आधी लागलं. मग एका कुशीवर गेलो आणि वर काहीतरी तुटत गेलं, बराच वेळ, किंवा मला बराच वाटला. मग नदीचा आवाज. मी वरच्या बाजूला लटकले होते. माझ्या ओटीतल्या बाटल्या खाली मंदाताईंवर पडल्या होत्या आणि त्या "बाप्पा, बाप्पा" करत होत्या, म्हणजे जिवंत होत्या. नितीन रडत होता. शांता तिच्या जागेवर नव्हती. पट्टा लावलेलाच होता, पण ती त्याच्या खालून निसटून पुढच्या खुर्चीखाली गेली होती. बाटल्या चेपल्या, पट्टा सैल पडला, आणि ती सरकली.

मी हात खाली घालून तिची कंबर चाचपली. ओलं लागलं. मला वाटलं रक्त. पाणी होतं. गाठ सुटलेली नव्हती.

हेलिपॅडवरची माणसं धावत आली. त्यांनी आम्हाला काढलं. शांता त्यांच्या हातातच गेली, वर नेईपर्यंत.

दवाखाना

आम्हाला डोंगराखालच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेलं. नितीनचा हात मोडला होता, मंदाताईंच्या फासळ्या, माझं कपाळ आणि एक बोट. जो येईल त्याला नितीन एकच सांगत होता, "अठ्ठावन्न वर्षांचा पायलट दिला आम्हाला. हॅन्ड फ्रीझ झाला त्याचा. मी शेजारी होतो, मी पाहिलं." हे फोनवरून वारज्यापर्यंत पोचलं, मग अनोळखी लोकांपर्यंत. अशा म्हाताऱ्यांना उडवायला देतातच कसे, असं लोक लिहू लागले. नितीन मला ते वाचून दाखवायचा. त्याची आई शवागारात होती. त्याला धरायला काहीतरी हवं होतं.

पाचव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. हिंदी माणूस, सभ्य, वही घेऊन. माझं हिंदी भाजी घेण्यापुरतं, म्हणून नितीन मधे बसला, माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगायला. साहेबांनी विचारलं, पायलट थकलेला वाटला का, त्याचा हात थांबला का. नितीननं मला मराठीत विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट बघू लागला.

मी म्हणाले, "थांबला. एक श्वास. आता पुढचं सांग. आमच्या कपड्यात पाणी होतं. सोळा बाटल्या आणि तीन दगड. त्यानं दोनदा विचारलं आणि मी नाही म्हणाले. तुझ्या आईच्या कमरेचं मी बांधलं होतं, म्हणून पट्टा नीट बसला नाही."

साहेबांनी विचारलं, क्या कह रही हैं? नितीन म्हणाला, कुछ नहीं, सदमे में हैं.

सदमा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण त्यानं माझं बोलणं पोचवलं नाही एवढं कळलं. मग मी माझं हिंदी काढलं.

"साहेब, पानी. बाटली. पेट को बांधा था, तीनों का. पायलट पूछा, मैं झूठ बोली. मैं बांधी."

साहेबांनी वहीचं पान उलटलं. किती वजन असेल, विचारलं. मी म्हणाले, बारा-तेरा किलो. त्यांनी मंदाताईंना विचारलं, त्यांनी मान हलवली आणि तोंडावर पदर घेतला. नितीन उठून बाहेर गेला.

जाताना मी साहेबांना माझ्या हिंदीत विचारलं की अठ्ठावन्नचा माणूस नको होता का. ते म्हणाले, वय आम्ही लिहितो, सहा महिन्यांनी डॉक्टर तपासतो तेही बघतो, वारा बघतो, वजन बघतो, मशीन बघतो. मी म्हणाले, म्हणजे उत्तर नाही. ते म्हणाले, एक नाही. मला ते उत्तर पटलं. आमच्या सायकलवाल्याच्या वेळी कोणी इतकं बघितलं नव्हतं, आणि तिथं उत्तर एकच होतं, ते माझ्या अक्षरात कॅलेंडरवर लिहिलेलं.

पायलट खालच्या मजल्यावर होता. दोन्ही पाय बांधलेले. मी काठी टेकत गेले. सांत्वन करायला गेले नव्हते. त्याला सांगणं बाकी होतं.

त्यानं आधीच ऐकलं होतं. विचारलं, "किती होतं, आजी?"

"बारा-तेरा किलो."

त्यानं डोळे मिटले आणि मनात काहीतरी हिशेब केला. मग म्हणाला, "वारापण पडला होता. नुसतं पाणी नव्हतं."

"तुमचा हात थांबला होता. मी बघितला."

"दोन जागा होत्या. डावीकडची जवळ, पण तिथं रस्ता, माणसं चाललेली. उजवीकडे दगड."

"तरुण पोरानं लवकर ठरवलं असतं का?"

"तरुणपणी मी लवकर ठरवलं असतं," तो म्हणाला. "काय ठरवलं असतं, माहीत नाही."

हे त्याचं म्हणणं. खरं किती आणि स्वतःला समजावण्यापुरतं किती, हे मी सांगू शकत नाही. रस्त्यावर माणसं होती हे मात्र मला आठवतं. पाठीवर टोपली घेतलेला एक नेपाळी होता. मी पायलटला विचारलं, तुम्ही दोनदाच का विचारलंत, तिसऱ्यांदा का नाही? आमची झडती का नाही घेतलीत? तो म्हणाला, "आजीची झडती कोण घेतो?" आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याची चूक झाली असेल तर ही. वयामुळे झाली असेल तर त्याच्या नाही, माझ्या. माझ्या जागी विशीतली पोर असती तर त्यानं शाल काढायला लावली असती.

वारजे

परत येऊन काही महिने झाले. दिरांना मी पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं. ते म्हणाले, उपरणं माझं होतं? मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझ्या हातचा चहा घेतात. नितीन माझ्याशी बोलत नाही. गल्लीत समोर आला तर फोन कानाला लावतो. मी त्याला दोष देत नाही. मंदाताई येतात, शेजारी बसतात, वर्ध्याच्या गोष्टी सांगतात. मोडक्या हेलिकॉप्टरातून वेचलेली एक बाटली कोणीतरी आमच्या सामानात घालून दिली होती. ती मी भावकीत कोणाला दिली नाही. मुठेत ओतली, पुलावरून. पाणी होतं, पाण्यात गेलं.

आता पायलट म्हातारा होता का असं कोणी विचारलं तर मी सांगते, हो होता, आणि मी त्याहून म्हातारी होते. पुढचं ऐकायला लोक थांबत नाहीत.

त्या दिवशी हेलिकॉप्टरात आम्ही पाच जण होतो. पायलट जगला, त्याचा एक पाय आता वाकत नाही. नितीन जगला. मंदाताई जगल्या. मी जगले.